केसांखालचं गोरेपण

"करा बघू बाही वर," बाई कुणालाही म्हणायच्या. समोरच्याने मुकाट्याने बाही वर केली की त्याचा दंड उलटा करून आतली बाजू दाखवायच्या. "हा तुमचा जन्माचा रंग. बाहेरचा उन्हाने केलेला. यात मिरवण्यासारखं काय आहे?"

मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. रंग माझ्याहूनही गडद. आणि मी कोण? तुमच्या ओळखीतली ती 'नाकीडोळी नीटस आहे, पण...' मुलगी. त्या 'पण'च्या पुढचं तुमच्यापैकी कुणी तोंडावर बोलत नाही. बाई बोलायच्या.

उसाच्या बांधावर म्हैस दिसली की त्या हमखास थांबायच्या. "हिच्या अंगावर केस विरळ, मग ऊन सोसायचं कसं? ज्यांच्या जनुकांत काळा रंग होता त्या टिकल्या, त्यांची पिल्लं टिकली. कुणी उटणं लावलं नाही हो त्यांना!" मी हसायची. म्हैस आमच्याकडे बघत रवंथ करायची.

मला बघायला खराडीहून मंडळी आली तेव्हा आईने बाईंना मदतीला बोलावलं. मुलगा मला आवडला होता. आधी कॉफीला भेटलो होतो, पोट दुखेपर्यंत हसलो होतो. पण आमच्या आत्याने बायोडेटातला माझा फोटो स्टुडिओतून उजळवून घेतला होता. झालं! मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली.

"मुलगी चांगलीच आहे हो. फक्त फोटोत उजळ वाटली होती. हल्ली इंजेक्शनं मिळतात. साखरपुड्याआधी कोर्स पुरा केलात, तर आमची ना नाही."

बाबांची मान होकारार्थी हलायला लागली होती. मी मुलाकडे पाहिलं. तो फोनमध्ये.

बाईंनी सावकाश चहाचा ट्रे टेकवला. "अहो, चिंपांझीच्या केसांखाली काय असतं, ठाऊक आहे? गोरी कातडी. आपल्या पूर्वजांचीही तशीच असावी. अंगावरचे केस गेले, ऊन थेट लागायला लागलं, तेव्हा हा काळा रंग कमवावा लागला. आता तुम्ही इंजेक्शन देऊन पोरीला कुठे परत पाठवताय, ते बघा. घ्या, पोहे गार होतायत."

मंडळी लिफ्टची वाटही न बघता जिन्याने उतरली.

मी बाईंवर भडकले. "तुमचा सूड माझ्या जिवावर का उगवलात?"

"उगवलाच," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळी मी मान खाली घालून बसले होते. आईने साय-बेसन चोळून चोळून कातडी सोलवटली, तरी नकारच आला. आज त्या बाईचा चेहरा पडला ना, जिवाला थंडावा वाटला बघ." मग हळूच म्हणाल्या, "तुझा तो मुलगा काही बोलतो का, म्हणून मी थांबले होते गं. बराच वेळ थांबले."

थांबल्या होत्या, हे मीही पाहिलं होतं. म्हणूनच जास्त रडले. काही दिवस अबोला धरला आणि मग मीच त्यांच्याकडे चहाला गेले.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. घरात त्यांना ठेवलं होतं. परदेशातला भाचा व्हिडिओ कॉलवर दर्शन घेणार होता. "जरा बरं दिसायला हवं," म्हणत त्यांच्या भावजयीने कपाळापासून गळ्यापर्यंत पावडर थापली. बाई राखेसारख्या दिसायला लागल्या. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मेल्यावरसुद्धा सोडत नाहीत मेले!

मी नॅपकिन ओला करून आणला आणि सगळ्यांच्या देखत पुसायला बसले.

"अगं, काय करतेस हे? तू कोण आमची?" भावजयीने माझं मनगट धरलं.

"फोन नीट धरा," मी म्हटलं. "दिसू दे त्याला."

मनगट सुटलं. कानांमागे आणि गळ्याच्या वळ्यांत पावडर अडकली होती, तीही काढली.