बारा बावीसचा फोटो

डिचोलीच्या बाजारात गोकुळदासचा स्टुडिओ तीस वर्षं टिकला तो एका गोष्टीवर. त्याच्या अल्बममध्ये कुठलीही नवरी हळद लागायच्या आधी सासरी गेली नव्हती. रीळ होतं तोवर छत्तीस फोटो आपसूक रांगेत उभे राहायचे. आता संगणक आला होता, आणि गोकुळदास त्याच्यासमोर परक्या घरी आल्यासारखा अवघडून बसायचा.

हळर्णच्या धाकू गावसाच्या मुलीचं, लक्ष्मीचं लग्न देवळाच्या सभागृहात झालं आणि तीन कॅमेऱ्यांनी टिपलं. एक गोकुळदासचा, एक वरपक्षाच्या फोटोग्राफरचा आणि एक लक्ष्मीच्या मामानं, महादेवनं, दुबईहून आणलेला. गोकुळदासनं सगळे फोटो एकत्र ओतले, वेळेप्रमाणे लावायचं बटण दाबलं आणि सीडी वरपक्षाकडे धाडली. उघडून बघितलीसुद्धा नाही.

आठव्या दिवशी लक्ष्मीची आई पार्वती दोन बस बदलून स्टुडिओत हजर.

"गोकुळदासबाब, माझ्या चेडवाचा संसार मोडायला घेतलाय काय तुम्ही?"

"बसा तरी वयनी. झालं काय?"

गावसांकडे रीत होती. मुलीच्या आईनं अक्षता पडताना बघायचं नाही. मंगलाष्टकं संपेपर्यंत तिनं बाहेर तुळशीला पाणी घालत राहायचं.

"तुमच्या सीडीत अक्षता पडतात, आणि पुढच्याच फोटोत मी मांडवात उभी, डोळ्यांना पदर लावून. नणंद लक्ष्मीला म्हणते, तुझ्या आईनं अपशकुन केला. सासूनं तर बोलणंच टाकलंय."

"आणि तुम्ही त्या वेळी..."

"तुळशीकडे. आणखी खंय असणार?"

गोकुळदासनं सीडी लावली आणि त्याचं डोकंच चालेना. सुरुवातीलाच पंगत उठलेली, तारीख एक जानेवारी दोन हजार. मग अंतरपाट दूर झाला. त्यानंतर नवरा गाडीतून उतरला.

"हे कोणाचं लग्न हो?" पार्वती म्हणाली. "जेवून हात धुतले, मग नवऱ्याला आणायला गेले."

वरपक्षाच्या कॅमेऱ्यात तारीख कधी घातलीच नव्हती, एवढं त्याला कळलं. पण महादेवचा कॅमेरा? त्यानं कागद घेतला, लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एकच क्षण दोन्हीकडे सापडला. अंतरपाट खाली आलेला, भटजींचा हात वर. त्याच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात बारा बावीस, महादेवच्यात दहा बावन्न.

"वयनी, तुमच्या भावानं घड्याळ दुबईचंच ठेवलंय. दीड तास मागे."

"म्हणजे मी?"

"तुमचा रडतानाचा फोटो त्याच्याच कॅमेऱ्यातला, तो बारा बावीसचा नव्हे. दोनला आठ मिनिटं कमी. पाठवणीची तयारी चाललेली तेव्हाचा."

पार्वतीनं पदरानं मान पुसली. "मग लावा त्यांना फोन. सांगा तुमची चूक."

"सांगतो. माझीच आहे." फोनकडे हात नेता नेता त्यानं आपला बारा बावीसचा फोटो खात्रीसाठी मोठा केला. नवरा, नवरी, अक्षतांचा पाऊस. उजव्या कडेला सभागृहाचं दार किलकिलं. फटीत हिरवं लुगडं, हातात तांब्या आणि अर्धा चेहरा.

गोकुळदासनं मागे वळून बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती. पार्वतीचा श्वास ऐकू येत होता.

"तांब्या हातात होता," ती हळूच म्हणाली. "पाणी घालतच होते. मध्येच लक्ष्मीचा आवाज आल्यासारखा वाटला."

"नवरी मंगलाष्टकांत कशाला बोलेल?"

"तेच तर. मग काय ऐकलं मी, तुम्हीच सांगा."

फोनवर तो जे सांगणार होता त्यात खोटं काही नव्हतं, पण ते पुरतं खरंही नव्हतं. तीस वर्षं तो फोटोंना ओळीत लावत आला होता, हा कुठे लावायचा हेच कळेना.

"अल्बमात आणि नव्या सीडीत उजवी कड कापून घालतो," तो म्हणाला.

"घाला."

त्यानं वरपक्षाला फोन केला. चूक आपली, दुबईच्या वेळेची, उद्या जुनी सीडी परत घेऊन नवी आणून देतो. पलीकडे सासूनं दोनदा समजावून घेतलं आणि मग म्हणाली, लक्ष्मीला हाक मारते. पार्वतीनं रिसीव्हर घेतला आणि नुसतं "जेवलीस काय गे?" विचारलं.

जायला उठली तेव्हा ती दारात थांबली. "तो न कापलेला माका एक द्या. लहान. लग्न तेवढंच पाहिलंय मी."

गोकुळदासनं छापून दिला. सवयीनं मागे वेळ लिहायला पेन उघडलं.

"नको," पार्वती म्हणाली. "त्याच्यावर काय लिहू नका."