सोजराबाईच्या अंगणातली मार्टिनी

निवृत्ती पलटणीच्या मेसमध्ये आबदार होता. आबदार म्हणजे सायबांचे पेले भरणारा. स्वतः माळकरी, आयुष्यात थेंब घेतला नाही. पण पेन्शन घेऊन तो मेहकरजवळच्या आमच्या गावी परतला तेव्हा पाणवठ्यावर बाया त्याच्या बायकोला, सोजराबाईला, 'दारू वाटणाऱ्याची' म्हणू लागल्या. ती मान खाली घालून घागर भरी आणि घरी येऊन त्याच्यावर चिडे.

आपण सायबांसाठी मार्टिनी नावाची दारू कशी बनवायचो, ते हिनं एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढीच निवृत्तीची आस. ट्रंकेत दारूबंदीतल्या परमिटावरची जिन होती, तिच्या जोडीच्या व्हरमूथ वाइनची लहान बाटली होती, दांड्याचा पेला होता. अडलं होतं बर्फापाशी. मेहकरहून लादी आणावी तर वाटेतच तिचं पाणी.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. फाल्गुनातल्या एका दुपारी आभाळ काळवंडलं आणि टपोऱ्या गारा कोसळल्या. गहू घरात आले होते, म्हणून गाव ओसऱ्यांवरून हसत पाहत होतं. निवृत्ती डोक्यावर घमेलं धरून अंगणात धावला.

"याड लागलं का तुमाले?"

"पातेलं दे वं सोजरे! इरघळून राह्यल्या!"

त्यानं गारा धुतल्या. थोड्या पेल्यात भरून पेला गार केला. मग पेला रिकामा करून व्हरमूथ घातली, सावकाश फिरवली आणि ओतून दिली.

"फेकाचीच होती तं घेतली काऊन?"

"नुसता वास राह्यला पाह्यजे. सायबाले लय कोरडी लागे, 'ड्राय' म्हने तो."

"दारू अन् कोरडी! कोरडी तं भाकर राह्यते."

निवृत्ती हसला नाही. उरलेल्या गारा तांब्यात घालून त्यानं वर जिन ओतली आणि तो चमचा फिरवू लागला. आवाज नाही, फेस नाही. सोजराबाई हळूच खाली बसली. ताक घुसळताना तिचाही हात इतका शांत चालत नसे. त्यानं धुतल्या फडक्यातून गाळून पेला भरला. आत झऱ्यासारखं निर्मळ, बाहेर धुकं.

मग तो पेला घेऊन उकिरड्याकडे निघाला. तिनं मनगट धरलं.

"फेकता काऊन?"

"पेईन कोन?"

तिनं शेताच्या बांधाकडे पाहिलं. तिथल्या म्हसोबाला गाव मोहाच्या दारूची धार वाहतंच. तिनं पेला घेतला, पदराखाली झाकला आणि गारांच्या सड्यातून चालू लागली.

"काय लपवून नेऊन राह्यली वं?" शेजारच्या गोजरबाईनं ओसरीवरून हटकलं.

सोजराबाईनं पदर बाजूला सारला.

"दारू हाय. आमच्या घरच्या मानसाच्या हातची. देवाले नेऊन राह्यली. पाह्यची असंन तं ये, पन धक्का नको लावू!"