टॉवेलवाली खुर्ची

संकटाला स्वतः जाऊन चहाला बोलावणारा आमच्या साडूंसारखा माणूस जव्हार-मोखाड्यात दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही. जव्हारच्या एका सरकारी कचेरीत ते कारकून आहेत; पण तो आपला जोडधंदा. मूळ धंदा निर्जीव वस्तूंशी सलगी. कपाट उघडायच्या आधी त्याला "येऊ का?" विचारतील. पंखा कुरकुरला तर त्याची बाजू घेऊन आमच्याशी भांडतील. त्यात बरा कॅमेरा असलेला मोबाइल हाती आला, आणि मग काय विचारता! दाभोशाच्या धबधब्यावर आम्ही सहकुटुंब गेलो, तर हे गृहस्थ नाचणीच्या भाकरीचं चित्रण करत बसले. पोरं भुकेनं रडकुंडीला आलेली आणि हे म्हणतात, "थांबा रे, ती अजून लाजतेय." शेवटी ताईनं, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, ती लाजरी भाकरी मोडून पोरांच्या हातात दिली.

तर या माणसानं आपल्याच कचेरीवर एक छोटी फिल्म काढली. माणसं चहाला गेली की खुर्च्या काम उरकतात, अशी गोष्ट. मी मोखाड्यात शाळामास्तर. पण दर रविवारी जीपमध्ये कोंबून घेऊन जव्हारला हजर, कारण खुर्च्यांना बांधलेली दोरी ओढायला 'घरचं माणूस' पाहिजे होतं. माझे तळहात सोलले, तर म्हणे, "गुरुजी, दमलेली खुर्ची दिसली पाहिजे, तुम्ही नाही." इथवर ठीक होतं. पण त्यातली एक खुर्ची काहीच करत नाही, नुसती खिडकीतून डोंगराकडे बघते आणि एका संध्याकाळी कुणाला न सांगता सनसेट पॉइंटला निघून जाते. तिच्या पाठीवर पांढरा टॉवेल! कचेरीत टॉवेल कोणाच्या खुर्चीवर असतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

"अहो, साहेबच दाखवलेत की तुम्ही!" मी ओरडलो.

"छे हो, टॉवेलनं चित्र उजळतं," साडू म्हणाले.

ताईची झोप उडाली. गावोगाव बदल्या भोगून आत्ता कुठे त्यांना जव्हार मिळालेलं, घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. साहेबांचा एक शेरा पडला की बिऱ्हाड पुन्हा टेम्पोत. आणि साहेब असे की त्यांचे दात कुणी पाहिलेले नाहीत.

एका संध्याकाळी काम आटोपल्यावर खिडक्या लावून कचेरीच्या भिंतीवर फिल्म लागली. मीही मुद्दाम आलो होतो. डुलक्या काढणारी खुर्ची बघून हेडक्लार्क फुगले, "ही माझ्यावर आहे." सूर्यमाळचा शिपाई हसून हसून भिंतीला टेकला. जीप चुकली म्हणून थांबलेली पोशेऱ्याची एक आजी मात्र गंभीरपणे म्हणाली, "ती काम करनारी खुर्ची उद्या हाय का रं? माझा काम तिलाच सांगतू." सगळे खो खो हसले आणि लगेच साहेबांकडे बघून गप्प झाले. साहेब दगडासारखे बसले होते. फिल्म संपून खोलीतले दिवे लागताच त्यांनी साडूंना आत बोलावलं. मेलो, म्हटलं. मी दाराशी कान लावून उभा.

"हा सनसेट पॉइंट कुठं आला?"

"इथंच, साहेब. चालत जाण्यासारखा."

"बदलून आल्यापासून बघितलाच नाही. फिल्म माझ्या मोबाइलवर टाका. मुलीला पाठवतो. बाबा दिवसभर तिथं काय करतात, विचारत असते."

बस्स, एवढंच! माझा जीव भांड्यात पडला. ताईला फोन केला, तर आधी तिनं मलाच फैलावर घेतलं आणि मग रडली. मी खुशीत नाक्यावर गरम भजी घेतली. पण साडू भज्यांना हातच लावीनात.

"गुरुजी, साहेब हसले नाहीत हो."

"अहो, बदली टळली! देवापुढे नारळ फोडा."

"तो फोडूच. पण एकटे राहतात ते इथं. घरी फोन करताना ऐकलंय मी त्यांना. त्यांना हसवायलाच तर काढली होती सगळी फिल्म."

या वेड्या माणसाचा मला त्या क्षणी फार जिव्हाळा वाटला. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, म्हणाले, "उजेड आहे अजून," आणि माघारी कचेरीकडे पळाले.

मी भज्यांचा पुडा घेऊन तिथंच थांबलो. थोड्या वेळानं दोघं सनसेट पॉइंटच्या रस्त्याला लागलेले दिसले. साडू हातवारे करून काहीतरी रंगवून सांगत होते आणि साहेब मान खाली घालून ऐकत चालले होते. मध्येच साहेब थांबले, त्यांचे खांदे हलल्यासारखे वाटले. हसले की काय, एवढ्या लांबून मला नीट दिसलं नाही.