कागदावरची झोप

वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी नियमांचं काम बघायचो. सरकारचा नवा नियम आला की ड्रायव्हरांना सोप्या मराठीत सांगायचा आणि त्यांच्या सह्या घ्यायच्या.

त्या दुपारी विषय होता झोपेचा. पुरेशी झोप झाल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही. सगळ्यांच्या मागे पन्नाशीचा एक ड्रायव्हर उभा होता. खांद्यावरच्या ओल्या दुपट्ट्याने तो सारखे डोळे पुसत होता, पण ऐकत होता मन लावून. बाहेर त्याची गाडी पुन्हा भरून तयार होती.

सहीच्या वेळी त्याने विचारलं, "याच्यात काय लिवलं हाय, साहेब?"

"तुमची आठ तास झोप झाली, असं."

"पन मी तं आत्ताच रायपूरहून येऊन राह्यलो. झोपलो कवा?"

गाडी लवकर सोडा म्हणून मालकाचा दोनदा फोन येऊन गेला होता. "सगळेच करतात सही," मी म्हणालो.

त्याने सावकाश सही केली. जाताना म्हणाला, "तुमी वाचून तरी सांगता, साहेब. बाकीचे सही कुठं करायची ते नुसतं बोट ठेवून दाखवतेत."

गाडी सुखरूप पोहोचल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच जास्त लाज वाटली.