मेलेल्या राक्षसाचं पोट

ऑफिसातून आले आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून सोफ्यावर टेकले. माझी लेक सई जपानी सुपरहिरोची एक जुनी मालिका बघत होती. रबरी राक्षस पुठ्ठ्याच्या इमारतींवर कोसळला आणि मेला. कॅमेरा त्याच्यावर जरा जास्तच रेंगाळला, तशी सई ओरडली, "आई, ह्याचं पोट हलतंय!"

खरंच हलत होतं. आतला माणूस धापा टाकत होता. एवढा जड पोशाख चढवून, दिव्यांच्या उकाड्यात मारामारी करून तो बिचारा आडवा झाला होता, आणि मेल्याचं सोंग घेतलं तरी श्वास काही लपत नव्हता.

नव्या मालिकांत असं होत नाही. तिथले राक्षस कॉम्प्युटरवर बनतात. मेले की ठिणग्या होऊन विरून जातात. दिसतात सुंदर, पण दमत कुणीच नाही. दिवसभर न दमल्याचं सोंग आणून घरी आल्यावर मला ते बघवत नाही.

मी आडवी होऊन डोळे मिटले. सईनं हाक मारली, मी ओ दिली नाही. मग तिचा हात माझ्या पोटावर येऊन थांबला.

"हलतंय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिनं टीव्हीचा आवाज कमी केला.