गेरूच्या ठिपक्यांचा कुत्रा

आईची एकच अट होती. कुत्रा सापडल्याशिवाय डोळ्याचं ऑपरेशन नाही. डाव्या डोळ्याने तिला दिसत नव्हतंच, आणि उजव्यातला मोतीबिंदू इतका पिकला होता की डॉक्टरांनी पुढच्या मंगळवारची तारीख देऊन बजावलं होतं, आता लांबवू नका. हातात आठ दिवस होते. कुत्रा माझ्यामुळे हरवला हे तिला माहीत होतं आणि मलाही.

मी अकोल्याला नोकरीला, आई चांदूर बाजारजवळ शेतात एकटी. तपासणीसाठी तिला अमरावतीला न्यायला मी नवी पांढरी गाडी घेऊन गेलो, तर कुत्राही दाराशी आला. "त्यालेही बसू दे रे मांगं," आई म्हणाली. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं. मी साफ नाही म्हटलं. तो गाडीमागे पळत सुटला. त्याच्या भुंकण्यावरून आईला कळलं, ती "थांबव, थांबव" म्हणत राहिली, आणि मी गाडी दामटली. दमेल नि फिरेल घरी, असं मला वाटलं. संध्याकाळी परतलो तर तो नव्हता.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. दुसऱ्याच दिवशी पत्रकं छापायला निघालो, तर आई खाटेवरून खुणा सांगू लागली. "लिहून घे. मांगच्या पायाले एक बोट जास्त हाये. बसला का डावा पाय बाहेर फेकते. गाडी आली का आंधी चाकाचा वास घेते." मी म्हटलं, आई, आजकाल फोटो लागतो, बोटं कोण मोजत बसतं? आणि चपला घातल्या.

फोटो माझ्याकडे एकच होता, पोळ्याचा. बैल विकले त्या वर्षी पोळ्याला आईचे हात शिवशिवायला लागले. धुवायचं कोणाला, सजवायचं कोणाला? शेवटी तिने कुत्र्याला धुतलं, पांढऱ्या अंगावर गेरूचे ठिपके दिले, जुन्या लुगड्याची झूल पाठीवर टाकली आणि त्याला पुरणपोळी चारली. मी फोटो काढून स्टेटसला ठेवला, ऑफिसात लोक पोट धरून हसले. तोच फोटो आता पत्रकावर गेला. गेरू कधीच धुऊन गेलाय हे मला कळत होतं, पण खरं सांगायचं तर माझ्याही डोळ्यांपुढे तोच ठिपक्यांचा कुत्रा होता. वर्षात दोनदा घरी जाणाऱ्याला दुसरा कुठून दिसणार?

पत्रकं बसस्टँडवर, कृषी केंद्रांवर, रसवंत्यांवर चिकटवली. फोन यायला लागले. परतवाड्याहून एकाने छातीठोकपणे सांगितलं, "ठिपकेवालाच हाये भाऊ, या लवकर." समोरचं ताट सारून धावलो. पाहतो तर मोठ्या जातीचा, काळ्या ठिपक्यांचा, गळ्यात पट्टा असलेला कुत्रा, आणि त्याचा मालक शेजारीच उभा. मी त्या फोनवाल्यावर उखडलो. तो म्हणाला, "फोटोत ठिपकेच हायेत न बाप्पा, मंग माहं काय चुकलं?" त्याचं काही चुकलं नव्हतं.

घरी आलो की आई फक्त "गवसला?" विचारायची. मी नाही म्हटलं की तोंड भिंतीकडे. ताटातली अर्धी भाकर ती रोज बाजूला काढून ठेवायची. सुट्टी संपत होती, साहेबांचे फोन चालू होते, आणि मी सगळ्यांवर खेकसत होतो. खरा राग स्वतःवर होता, पण तो स्वतःवर काढता येत नाही, ही मोठी अडचण.

पाचव्या दिवशी अमरावती रोडवर एका फाट्यावर चहाला थांबलो. टपरी चालवणाऱ्या बाईंना पत्रक दिलं. त्या वाचत होत्या तेवढ्यात समोरच्या ओलिताच्या वावरातून एक कुत्रा धावत आला. पोटापर्यंत काळ्या चिखलाने माखलेला, बरगड्या दिसत होत्या. त्याने गाडीचं चाक हुंगलं, मग पुढचे दोन्ही पाय उचलून सरळ गाडीच्या दारावर ठेवले. पांढऱ्या रंगावर चिखल! मी "हाड!" म्हणून ओरडलो. तो हलला नाही, उलट शेपूट हलवायला लागला. मी खाली वाकलो, दगड उचलला आणि नेम धरून मारला. केकाटत, एक पाय उचलून तो तुरीत शिरला. रुमालाने दार पुसलं आणि पुढच्या गावाला पत्रकं लावायला निघालो.

सोमवारी सकाळी त्या बाईंचा फोन आला. "भाऊ, फोटोतलं कुत्रं काई हे वाटत नाही, पन सांगतो. हे कुत्रं हप्ताभरापासून अठीसा हाये. पांढरी गाडी आली का उठते, वास घेते, मंग परत बसते. ज्याले तुमी दगड मारला न, तेच. तवापासून रोडवर येतच नाही." मग म्हणाल्या, "बसलं का एक पाय बाहेर टाकते."

फोन ठेवला. आईला एवढंच सांगितलं, एक कुत्रा आहे, चल. फाट्यावर तिला धरून तुरीच्या कडेला उभं केलं. तिने हाक मारली, "यूऽ यूऽ! ये रे माह्या लेका!" तूर हलली. तो लंगडत आला आणि तिच्या पायांत पडला. आई खाली बसली, मागचा पाय चाचपला, बोट सापडलं, आणि हसत हसत रडायला लागली. मलाही रडू आलं.

मग तिचा हात मांडीवरच्या जखमेवर गेला.

"कोन्या मेल्यानं मारलं रे तुले? हात झडून जावो त्याचा!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. "असन कोनी तरी, माय," त्या म्हणाल्या आणि कपबशा विसळायला लागल्या.

दार उघडलं तर कुत्रा गाडीत चढेना. मी दूर जाऊन उभा राहिलो, तेव्हा चढला. आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागेच बसली. मी गाडीत बसलो तसा तो तिच्या कुशीत दबला. वाटेत ती म्हणाली, "तू माहा शब्द राखला, आता उद्या मीही तुहा राखतो. किती हिंडला रे बापा माह्यासाठी! तुह्या बापानंही एवढं नसतं केलं."

मी म्हटलं, "हो, आई."