मुंग्या कुठवर आल्या

बोलता बोलता डाव्या हाताच्या बोटानं उजव्या कोपराखाली टिचकी मारायची, कान दिल्यासारखं थांबायचं आणि म्हणायचं, "अजून हितंच हायत." आमच्या लोणंदच्या गल्लीतल्या बांगडीवाल्या भाऊंची ही खोड. नवख्याला वाटे, माणूस पलटणीतून येताना डोकं तिकडंच ठेवून आला. तुम्हालाही वाटलं असतं.

डोकं ठिकाणावर होतं, हात नव्हता. लढाईत कोपराजवळ लोखंडाचा तुकडा शिरून नस तुटली होती. लष्करी इस्पितळात ती शिवली. डॉक्टरनं सांगितलं, नस मुळासारखी खाली खाली वाढेल, महिन्याला जेमतेम एक पेर. जिथं टिचकी मारल्यावर बोटांत मुंग्या येतील, तिथवर ती पोचली समज.

घर पिढीजात बांगड्या भरणाऱ्यांचं. ते काम बोटांचं. बाईचा हात दाबून, अंगठा आत घेऊन काच वर सरकवायची. तिला दुखणार हे आपल्या बोटाला आधी कळलं पाहिजे. भाऊंच्या अंगठ्याला काहीच कळत नव्हतं. एकदा तापला तवा धरून उभे राहिले. वास आला तेव्हा आईनं हात ओढला. तेव्हापासून बांगड्या म्हातारीच भरायची, आणि भाऊ घरात-बाहेर, घरात-बाहेर.

आमच्या ओसरीवर आले की सासऱ्यांना डॉक्टरची शिकवण ऐकवायचे.

"माणसाच्या अंगात चारच जातीचा माल असतोय, तात्या. झाकणारा, बांदणारा, वडणारा आन् खबर नेणारा. कातडं, तोंडातली साल, आतड्याचं अस्तर, ह्ये झाकणारं. हाड, चरबी बांदणारं. मांस वडतं. नस खबर नेती."

"आन् रगत?"

"बांदणाऱ्यात."

"पातळ वस्तू काय बांदणार रं?"

"मलाबी पटलं न्हवतं. पर ते हाडाच्या पोटात जल्मतं, म्हणून हाडाच्या भावकीत."

"भावकी आसून एकमेकाला धरून हाय?" सासरे म्हणाले. "नवालच म्हणायचं."

पुढं मी आपली आपण पुस्तकं वाचायला लागले तेव्हा कळलं, याला ऊती म्हणतात आणि मुख्य प्रकार खरंच चार.

गल्लीलाही नाद लागला. पाणी भरताना बायका विचारायच्या, "भाऊ, मुंग्या कुठवर?" "मनगटाला टेकल्या." पण भाऊंना खाऊन टाकत होतं ते वेगळंच. अंगठ्याखालचा मांसाचा उंचवटा दिवसेंदिवस बसत चालला होता. ओढणाऱ्याला फार काळ खबर मिळाली नाही तर ते सुकतं. नस पोचायच्या आधी मांस गेलं तर सगळंच फुकट. म्हणून चालता चालता तेल चोळायचे, दुसऱ्या हातानं अंगठा वाकवायचे. गाडी आली की फलाटावर, गेली की परत दारात.

"बस की रं जरा," म्हातारी म्हणायची. "भुई झिजली."

"बसवत न्हाई, आई."

मला सातवा महिना लागला. हिरव्या बांगड्या भरायला म्हातारी आली, मागोमाग भाऊ.

"वैनी, मी भरू का? तळव्यात आल्यात मुंग्या."

सासूबाई उठल्याच. "आजच्या दिवशी काच वाढली तर?" बांगडी फुटली म्हणत नाहीत आमच्यात, वाढली म्हणतात, भीती मात्र फुटण्याचीच. भाऊ उंबऱ्यात थांबले. आत येईनात, परत जाईनात. मी हात पुढं केला. का म्हणाल, तर त्यांच्या येरझाऱ्या बघवत नव्हत्या, एवढंच.

त्यांची बोटं माझ्या हाडांवरून फिरली. पहिल्यांदाच तो माणूस स्थिर बसलेला मी पाहिला. "हात बारीक, गाठ मोठी," म्हणाले. बरोबर होतं. काच गाठीशी आली. आता दाबायचं, आणि अंगठा दाबेना. जोर करायला गेले, कट्कन तुटली. मला ओरखडाही नाही. टोक त्यांच्या अंगठ्यात शिरलं.

"आई गं," भाऊ म्हणाले.

म्हातारी लेकाकडं बघत राहिली. "काय म्हनलास?"

"लागलं."

"परत म्हन."

"लागलं, आई. लय लागलं."

रक्त ठिबकत होतं आणि मायलेक हसत होती. सासूबाई हळद घेऊन धावल्या. ती त्यांच्या बोटाला लावावी की देवापुढं ठेवावी, हेच त्यांना सुचेना.

नस पोचली. उंचवटा मात्र परत भरला नाही. बोटांना सगळं कळायचं, जोर काही लागायचा नाही. वर्षभर येरझाऱ्या वाढल्याच. मग लग्न झालं आणि बायकोला घेऊन ते कवठे महांकाळच्या बाजारात बसू लागले. माझं माहेर तिकडचंच, म्हणून दिसायचे. उजव्या हातानं नुसता हात धरायचा, माप सांगायचं, भरायचं बायकोनं. पाय हलत असायचे, नजर गर्दीत, आणि माप कधी चुकायचं नाही.

माझी मुलगी सुखरूप जन्मली, मोठी झाली. तिला घेऊन त्या बाजारात गेले तेव्हा भाऊंना तापानं जाऊन वर्ष झालं होतं. बायको एकटीच होती. तिनं पोरीचा हात घेतला, उलटा केला, सुलटा केला. एक बांगडी चढवली, ती अंगठ्याशी अडली.

"मला बघावं लागतंय, आक्का," म्हणाली, आणि दुसरी माळ सोडवायला लागली.